‘इकडे या’ आणि ‘जागा भरली’ : कामगंध सापळ्याची कुळकथा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या शेतांकडे नजर टाकली, तर पिकाच्या थोडे वर, काठीला बांधलेले एक प्लास्टिकचे नरसाळे आणि त्याखाली लोंबणारी पॉलिथिनची लांब पिशवी काही ठिकाणी दिसते. नरसाळ्यावर झाकण असते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची एक लहानशी गुंडी अडकवलेली असते. हाच कामगंध सापळा. गुंडी नाकाशी धरली तरी आपल्याला विशेष काही जाणवत नाही. शेंदरी बोंडअळीच्या नर पतंगाला मात्र अंधारात तिचा माग लागतो. मादी बोलावते आहे असे समजून तो येतो, गुंडीभोवती घिरट्या घालतो आणि नरसाळ्यातून पिशवीत पडतो. गुंडीत मुरवलेले रसायन असते अवघे काही मिलिग्रॅम. महिन्याभराने तिचा प्रभाव ओसरतो आणि ती बदलावी लागते.

या गुंडीची कुळकथा कापसाच्या शेतात सुरू होत नाही. ती रेशमाच्या पतंगापासून निघते, कॅलिफोर्नियातल्या पाइनच्या जंगलात बराच काळ रेंगाळते आणि मग कापसाकडे वळते. जंगलातला मुक्काम आपण मुद्दाम थोडा लांबवणार आहोत. कीटकांच्या गंधभाषेतले पहिले वाक्य ‘इकडे या’ हे वैज्ञानिकांना आधीच ठाऊक होते; ‘इथे जागा भरली आहे, पुढे जा’ हे दुसरे वाक्य त्यांना जंगलात उलगडले. यवतमाळच्या शेतात आज वापरात आहे ते पहिलेच वाक्य, आणि त्याचाही पुरता उपयोग आपण करून घेतलेला नाही, असे आमचे मत आहे.

नर पतंग मादीकडे वासाने येत असावेत, ही शंका जुनी. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले निसर्गनिरीक्षक झाँ आन्री फाब्र यांनी मोठ्या मोर-पतंगाची एक मादी जाळीखाली झाकून ठेवली होती. त्या रात्री चाळीसच्या आसपास नर खिडकीतून घरात शिरले. हवेत असे काय सुटते, हे कळायला मात्र रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली. जर्मनीच्या आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे वीस वर्षे खपून, पाच लाख रेशीम-पतंगांच्या ग्रंथींमधून काही मिलिग्रॅम पदार्थ शुद्ध केला आणि १९५९ साली त्याची ओळख जाहीर केली. त्याचे नाव बॉम्बिकॉल. त्याच वर्षी पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर यांनी अशा पदार्थांसाठी ‘फेरोमोन’ हा शब्द सुचवला. ग्रीक भाषेतल्या ‘वाहून नेणे’ आणि ‘चेतवणे’ या अर्थांच्या शब्दांवरून तो घडवला आहे. हार्मोन शरीराच्या आत निरोप नेतो, फेरोमोन एका प्राण्याचा निरोप त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यापर्यंत. मराठीत ‘कामगंध’ हा शब्द रूढ झाला. शब्द सुरेख आहे, पण त्यामुळे कीटकांचा सारा गंधव्यवहार मीलनापुरताच असतो असे वाटण्याची शक्यता आहे. पाइनच्या सालीखालचे भुंगे ही समजूत पार मोडून काढतात.

हे भुंगे तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. सालीला भोक पाडून ते आत शिरतात आणि साल व लाकूड यांच्यामधल्या रसाळ थरात बोगदे कोरून तिथे अंडी घालतात. अळ्या त्याच थरावर वाढतात. झाडाचे अन्न वाहून नेणारा थर तोच असल्याने, सभोवार कोरला गेला की झाड वाळते. पण जिवंत, धडधाकट पाइन इतक्या सहजी हार मानत नाही. भोक पडले की तिथून राळ उसळते आणि एकटादुकटा भुंगा तिच्यात बुडून मरतो. म्हणजे झाड जिंकायचे असेल तर शेकडो भुंग्यांनी एकाच वेळी हल्ला करायला हवा, इतका की झाडाची राळ पुरी पडणार नाही. त्यासाठी पहिल्या भुंग्याने बाकीच्यांना बोलावले पाहिजे. इप्स नावाच्या गटात आधी नर शिरतो आणि बोलावतो, डेंड्रोक्टोनस गटात मादी. डेंड्रोक्टोनस या नावाचा अर्थच ‘झाडांचा मारेकरी’ असा आहे. या हाकेला नर आणि माद्या दोघेही येतात, हे विद्यार्थ्यांना लक्षात ठेवायला सांगावे. कापसाकडे आल्यावर या फरकाची गरज पडणार आहे.

ही हाक कशाची बनलेली आहे, हे शोधायला कॅलिफोर्निया विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड वुड आणि स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट सिल्व्हरस्टाइन व ओटो रॉडिन एकत्र आले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या शिक्षकांना सिल्व्हरस्टाइन हे नाव परके वाटणार नाही. सेंद्रिय संयुगे वर्णपटांवरून ओळखण्याचे पाठ्यपुस्तक लिहिणारे हेच ते. भोकातून भुंगा जो भुसा आणि विष्ठा बाहेर ढकलतो त्यात हाक दडलेली होती. या गटाने ओंडक्यांत नर भुंगे सोडून हा भुसा किलोंनी गोळा केला, त्याचा अर्क काढला, अर्काचे भाग पाडले आणि प्रत्येक भाग भुंग्यांपुढे ठेवून पाहिला. १९६६ साली त्यांनी तीन संयुगे जाहीर केली : इप्सेनॉल, इप्सडायनॉल आणि सिस-व्हर्बेनॉल. गंमत अशी, की एकेकट्या संयुगाला भुंगे जवळजवळ दादच देत नसत; मिश्रण ठेवले की येत. रेशमाच्या पतंगाच्या एका शब्दाच्या हाकेनंतर इथे पहिल्यांदा संपूर्ण वाक्य सापडले.

यातले सिस-व्हर्बेनॉल भुंगा झाडाकडूनच मिळवतो. टर्पेंटाइनचा वास आपल्या ओळखीचा आहे. त्यातला मुख्य घटक अल्फा-पायनीन हा पाइनच्या राळेतला पदार्थ आहे आणि कीटकांना तो घातक असतो. भुंगा त्यात ऑक्सिजन जोडून त्याचे व्हर्बेनॉल करतो. झाडाने शत्रूवर फेकलेल्या विषाचीच शत्रूने तुतारी केली, असे म्हणायला हरकत नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ. झाड पडले, हजारो भुंगे जमले. आणखी येत राहिले तर सगळ्यांची पिल्ले उपाशी मरतील. तेव्हा हाक थांबली पाहिजे, नुसती थांबून भागणार नाही, ‘आता नको’ असेही कळले पाहिजे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेंड्रोक्टोनस भुंग्यांमध्ये व्हर्बेनोन सापडले. व्हर्बेनॉलचे आणखी ऑक्सिडीकरण झाले की व्हर्बेनोन बनते. बोगद्यातले यीस्टसारखे सूक्ष्मजीव हे काम करतात, काही प्रमाणात ते हवेतही होते. त्यामुळे झाड जितके शिळे आणि गर्दीचे, तितका व्हर्बेनोनचा वाटा जास्त. नव्याने येणाऱ्या भुंग्याला त्यातून कळते की इथे जागा भरली आहे.

एका जातीची ‘जागा भरली’ ही पाटी दुसऱ्या जातीलाही वाचता येते, हा पुढचा शोध आम्हाला सर्वांत रंजक वाटतो. एकाच पाइनवर अनेक जातींचे भुंगे डोळा ठेवून असतात. इप्स पॅराकन्फ्युसस आणि इप्स पिनी या दोन जाती कॅलिफोर्नियात शेजारी राहतात आणि दोघींच्या गंधात इप्सडायनॉल असते. मग गोंधळ कसा होत नाही? इप्सडायनॉलचा रेणू दोन रूपांत असतो, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या रूपांत. डाव्या आणि उजव्या हातमोज्याचे उदाहरण वर्गात द्यावे. अणू तेच, जोडणीचा क्रम तोच, तरी एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. कॅलिफोर्नियातली इप्स पिनी एक रूप वापरते, इप्स पॅराकन्फ्युसस दुसरे. मार्टिन बर्च, वुड, सिल्व्हरस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले, की स्वतःच्या जातीचे रूप म्हणजे ‘या’, आणि शेजाऱ्याचे रूप मिसळले की तेच आमंत्रण रद्द होते. त्याच काळात इप्स आणि डेंड्रोक्टोनस हे प्रतिस्पर्धी गटही एकमेकांच्या गंधाने अडखळतात, हे जंगलातल्या प्रयोगांत दिसून आले. यात दोघांचाही फायदा आहे. आधीच व्यापलेल्या झाडावर उशिरा पोचणाऱ्याची पिल्ले उपाशी राहण्याचा धोका असतो.

याचा उपयोग माणसाने दोन प्रकारे करून पाहिला. एक म्हणजे ‘जागा भरली’ची पाटी न व्यापलेल्या झाडांवरच टांगायची. डग्लस फर या वृक्षावरच्या भुंग्याचा असा एक पदार्थ १९७१ साली ओळखला गेला होता. त्याच्या पुड्या झाडांना लावण्याची पद्धत अमेरिकेत रुळली आणि ती चांगली चालते. दुसरा प्रकार अधिक धूर्त आहे. कॅनडात जॉन बोर्डन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, घातक डेंड्रोक्टोनसने नुकत्याच व्यापलेल्या पाइनवर इप्स पिनीचा गंध लावून त्या कमी घातक प्रतिस्पर्ध्यालाच आमंत्रण दिले. तो आला, त्याने सालीखालचे अन्न वाटून घेतले आणि घातक भुंग्याची पुढची पिढी घटली. शत्रूला हटवायला त्याचा शेजारी बोलावण्याचा हा डाव.

या डावांना मर्यादा आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून डेंड्रोक्टोनसची जी प्रचंड लाट उसळली, तिने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला झळ पोचवली. सौम्य झालेले हिवाळे आणि एकाच वयाच्या पाइनची दाटी ही त्याची मोठी कारणे. अशा लाटेपुढे व्हर्बेनोनच्या पुड्या टिकत नाहीत. भुकेल्यांची संख्या फार झाली की पाटी कोणी वाचत नाही. त्याआधी, १९७९-८० मध्ये, नॉर्वेने स्प्रूसवरच्या इप्स भुंग्यांसाठी ‘इकडे या’ हाक देणारे सुमारे ६ लाख सापळे उभारले होते. त्यांत अब्जावधी भुंगे पडले. तरीही उद्रेक ओसरला तो सापळ्यांमुळे किती आणि हवामान बदलल्यामुळे किती, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही.

आपल्याकडच्या जंगलांनाही गंधाचा सापळा अगदीच नवा नाही. नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या मंडला भागात, सालवृक्षाच्या गाभ्यात शिरणाऱ्या लांब मिशांच्या भुंग्याने १९२० च्या दशकात आणि पुन्हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस धुमाकूळ घातला. त्यावरचा जुना उपाय ‘सापळा-झाडा’चा. पावसाळा सुरू झाला की एखादे सालवृक्षाचे झाड पाडून त्याचे ओंडके करायचे आणि साल ठेचून रस पाझरू द्यायचा. त्या वासाने भुंगे येतात, रस पिऊन सुस्त होतात आणि गावकरी त्यांना हातांनी वेचतात. भुंग्यांची डोकी मोजून मजुरी देण्याची पद्धत होती. इथे फेरोमोन नाही, झाडाच्याच रसाचा वास आहे; तत्त्व मात्र तेच.

यवतमाळमध्ये पाइन नाही आणि सालवृक्षही नाही. जिल्ह्याच्या सुमारे पाचव्या भागावर जंगल आहे आणि त्यात राज्य सागाचे. पावसाळ्याच्या शेवटी सागाच्या पानांची जाळी करणारी अळी पडते, डोंगर तपकिरी दिसू लागतात, पण साग सहसा त्याने मरत नाही. इथला जीवघेणा झगडा जंगलाबाहेर, चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावरच्या कापसात चालतो. त्यातली शेंदरी बोंडअळी मूळची आपल्याच बाजूची मानली जाते. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी १८४३ साली केले, ते भडोचच्या कापसातून पाठवलेल्या नमुन्यांवरून. ही अळी दोन सरक्या धाग्याने जोडून त्यांच्या आत दीर्घ झोप घेते. त्यामुळे सरकीच्या गोणीतून तिचा प्रवास सुखाने होतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती इजिप्तमध्ये पोचली, १९११ मध्ये मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये टेक्ससमध्ये.

अमेरिकेत पोचल्यामुळेच तिच्या गंधाचा शोध सुरू झाला, आणि तो शोध सरळ झाला नाही. १९६६ साली एक संयुग ‘प्रोपिल्यूर’ या नावाने जाहीर झाले. प्रयोगशाळेत बनवलेले प्रोपिल्यूर शेतात ठेवले तर नर फिरकेनात. पुढे शेकडो संयुगे चाचपून पाहताना ‘हेक्झाल्यूर’ हाती लागले. त्याकडे नर येत, पण ते मादीचे स्वतःचे नव्हते. खरा पदार्थ १९७३ साली उलगडला, आणि ज्यांनी तो उलगडला त्यांत सिल्व्हरस्टाइन पुन्हा होते. पाइनच्या भुशात कमावलेली नजर कापसाच्या पतंगावर उपयोगी पडली. त्याचे नाव ठेवले ‘गॉसिप्ल्यूर’. कापसाच्या गॉसिपियम या शास्त्रीय नावावरून ते आले आहे.

गॉसिप्ल्यूरचा रेणू अकरावी-बारावीच्या वर्गात फळ्यावर काढण्याजोगा आहे. सोळा कार्बनची साखळी, टोकाला ॲसिटेट, सातव्या आणि अकराव्या कार्बनपाशी दुहेरी बंध. सातव्यापाशी रचना नेहमी सिस. अकराव्यापाशी मात्र काही रेणूंत सिस, काहींत ट्रान्स. मादी हे दोन समघटक जवळजवळ निम्मे-निम्मे सोडते आणि नर त्या प्रमाणालाच ओळखतो. यातला दुसरा, म्हणजे सिस-ट्रान्स समघटक, एकट्याने वापरणारा एक पतंग आपल्या घरातच आहे : साठवणीतल्या धान्याचे दाणे आतून पोखरणारा धान्यातला पतंग. एकाची अर्धी हाक ती दुसऱ्याची पूर्ण हाक. इप्सच्या डाव्या-उजव्या हातमोज्यांची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

गॉसिप्ल्यूर हाती आल्यावर त्याचा वापर तीन तऱ्हांनी करता येतो : मोजण्यासाठी, मारण्यासाठी आणि गोंधळवण्यासाठी. मारण्याचा मोह सर्वांत मोठा, पण तिथे गणित आडवे येते. पाइनच्या भुंग्याच्या हाकेला नर-मादी दोघे येतात; गॉसिप्ल्यूरच्या हाकेला फक्त नर. समजा शेतात १०० नर आणि १०० माद्या आहेत आणि सापळ्यांनी ९० नर पकडले. उरलेला प्रत्येक नर निरनिराळ्या रात्री निरनिराळ्या माद्यांशी जोडी जमवू शकतो. प्रत्येकाने आयुष्यात पाच माद्या गाठल्या, तरी ५० माद्या फलित होतात. विद्यार्थ्यांना हे आकडे बदलून करायला द्यावे. पिशवीत पडलेल्या पतंगांचा ढीग पाहून वाटणारे समाधान या गणितात बरेच विरघळते, विशेषतः शेतात पतंग फार झाल्यावर.

मोजण्याचा उपयोग यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे. पेरणीनंतर दीड महिन्याने हेक्टरी पाच सापळे लावावेत आणि दर सापळ्यात एका रात्रीत आठ किंवा अधिक नर, सलग तीन रात्री पडले तरच उपाय करावा, अशी शिफारस नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठे करतात. सोबत डोमकळ्या पाहाव्यात, काही हिरवी बोंडे फोडून पाहावीत. अळी पाकळ्या धाग्याने बांधून ठेवते, त्यामुळे न उमललेल्या गुलाबासारखे दिसणारे फूल म्हणजे डोमकळी. हे मोजणे इतके महत्त्वाचे का? अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि तिचे छिद्र बुजते. त्यानंतर वरून कितीही फवारले तरी औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. फवारणीला जी थोडी संधी असते ती पतंग आणि अंड्यांच्या दिवसांत, आणि ते दिवस सापळाच सांगतो.

काही वर्षे कोणालाच हे मोजावेसे वाटले नाही. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली दोन जनुकांचा आला, आणि बोंडअळ्यांचा विषय संपला असे वाटू लागले. शेताच्या कडेने बिगर-बीटी कापूस लावायचा, म्हणजे बीटीला सरावलेल्या थोड्या पतंगांना न सरावलेले जोडीदार मिळत राहतील, ही अट होती. ती फार थोड्यांनी पाळली. २००९-१० च्या सुमारास गुजरातेत एका जनुकाला न जुमानणारी शेंदरी बोंडअळी आढळली. २०१४-१५ पासून तिथेच दोन जनुकांनाही तिने दाद दिली नाही. २०१७ च्या खरिपात विदर्भात बोंडे फोडल्यावर सगळीकडे ती दिसू लागली.

त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते अजून विसरलेले नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कापूस त्या वर्षी डोक्याएवढा वाढला होता, फवारा वरच्या दिशेने मारावा लागे आणि तो चेहऱ्यावर उतरे. हातमोजे, मुखपट्टी बहुतेकांकडे नव्हती, दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. यातली ऑर्गनोफॉस्फेट गटातली विषे मज्जातंतूंमधले ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. निरोप पोचल्यावर तो पुसून टाकणे हे त्या विकराचे काम. ते बंद पडले की स्नायूंना आणि ग्रंथींना न थांबणारे आदेश जात राहतात : लाळ, घाम, उलट्या, अंधुक दृष्टी आणि शेवटी श्वास अडखळणे. कीटकातले आणि माणसातले हे विकर जवळपास सारखे असल्याने विषाला दोघांत फरक करता येत नाही. गॉसिप्ल्यूरला तो करता येतो. ते वाचणारी मिशी एका विशिष्ट जातीच्या नर पतंगाची असते.

सापळे असते तर हे सारे टळले असते, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. त्या फवारण्यांपैकी बऱ्याच तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यासाठी होत्या. त्यांच्याबद्दल गॉसिप्ल्यूर काहीच सांगत नाही. पण बोंडअळीपोटी, अळी आधीच बोंडात जाऊन बसल्यावर, घाबरून केलेली प्रत्येक फवारणी व्यर्थ होती आणि ती कोणाच्या तरी पाठीवरच्या पंपातून झाली होती. आठ पतंगांचा आकडा कृषी खात्याच्या पत्रकांत होता. तो आणि फवारणीचा निर्णय यांची गाठ बांधावर पडत नव्हती. कोणते औषध, किती आणि केव्हा, हे बहुधा दुकानात ठरत होते. एका सापळ्यातले पतंग मोजायला पाच मिनिटे लागतात, चौथीतल्या मुलालाही ते जमते. गावातल्या दहा शेतांतले आकडे रोज शाळेच्या फळ्यावर लिहिले जाणे आम्हाला अवघड वाटत नाही.

तिसरी तऱ्हा गोंधळवण्याची. शेतभर इतका गॉसिप्ल्यूर पसरवायचा की नराला खरी मादी कोणत्या दिशेला आहे तेच कळू नये. १९७७ साली कॅलिफोर्नियात याचे यश नोंदले गेले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला परवाना मिळाला. अशा कामासाठी परवाना मिळालेले ते तिथले पहिले फेरोमोन. आता आपल्याकडेही गंध भरलेल्या दोऱ्या कापसाच्या झाडांना बांधण्याची पद्धत आली आहे. एकरी शंभराहून अधिक दोऱ्या लागतात. अडचण खर्चाची आहे, आणि त्याहून मोठी अडचण बांधाची. दोन एकरांत दोऱ्या बांधल्या तरी शेजारच्या शेतात फलित झालेली मादी उडून येते आणि अंडी घालते. अमेरिकेत ॲरिझोनाच्या पार्कर खोऱ्यात १९९० च्या आसपास सगळ्या शेतांत एकाच वेळी हा उपाय झाला, तेव्हा अळी हटली. पुढे बीटी कापूस, वांझ केलेले पतंग, गंधदोऱ्या आणि ठरलेल्या तारखेआत पऱ्हाट्या नांगरून टाकण्याचे बंधन यांच्या जोरावर २०१८ साली त्या देशाने शेंदरी बोंडअळीचे निर्मूलन जाहीर केले. तिथले एक शेत म्हणजे आपले एक गाव. म्हणून यवतमाळात ही गोष्ट एकेकट्या शेतकऱ्याला विकण्याची नाही, गावाने मिळून करण्याची आहे.

पाइनच्या भुंग्याला हटवणारी ‘जागा भरली’ची पाटी बोंडअळीच्या मादीसाठी मिळाली तर? फळांत अंडी घालणाऱ्या काही माश्या अंडे घातल्यावर फळावर खूण पुसून ठेवतात आणि दुसरी माशी ते फळ टाळते, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. बोंडासाठी अशी खूण शेतकऱ्याच्या हाती अजून आलेली नाही. आली तर ती नराला न चुकवता थेट अंडी घालणारीला परतवील, म्हणजे शेजारच्या बांधावरून येणाऱ्या मादीचाही प्रश्न सुटू शकेल.

तोवर सापळ्याची आणखी एक जागा आहे आणि ती शेतात नाही. झोपलेली अळी सरकीतून प्रवास करते, हे वर आलेच आहे. ओलिताची सोय असली की डिसेंबरनंतर फरदड घेण्याचा मोह होतो. त्यातली किडकी बोंडे वेचून कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकीचे ढीग साठतात, पऱ्हाट्या बांधावर रचल्या जातात. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांतून पतंग निघू लागतात. त्या वेळी परिसरात कापसाला फूल-बोंड नसेल तर त्यांच्या माद्यांची अंडी वाया जातात. कोणी मे महिन्यातच ओलिताखाली कापूस पेरला असेल तर मात्र पुढच्या पतंगांना जूनअखेरीपासून पाती मिळू लागतात. महाराष्ट्रात काही वर्षे १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कापसाचे बियाणे विकू नये असा दंडक घातला गेला होता, तो यासाठीच. जिनिंगच्या आवारातही कामगंध सापळे लावावेत अशी शिफारस आहे. वणी, पांढरकवडा, राळेगाव या बाजूच्या एखाद्या जिनिंगमधला सापळा एप्रिलपासून रोज मोजला, तर यंदाची पेरणी होण्याआधीच गेल्या हंगामाची शिल्लक किती आहे ते त्या पिशवीत दिसते.